दिवसाला एकच जिना

आईच्या उजव्या गुडघ्याला पायऱ्या चालत नाहीत. सपाट रस्त्यावर ती माझ्या बरोबरीने चालते, कधी मलाच मागे टाकते. पण जिना समोर आला की आधी कठडा कुठल्या बाजूला आहे ते पाहते. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी पॅरिसचा पहिला आराखडा मी केला तो एकटीच निघाल्यासारखा. चार दिवस, तेवीस ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ. व्हिसाच्या कागदपत्रांत रोजचा कार्यक्रम जोडायचा होता, त्या निमित्ताने मी तो नीट टाइप केला आणि छापून आईपुढे ठेवला.

आईने तीसेक वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तिने चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात नदी कुठे आहे?"

मला वाटलं, तिला बोटीतून फिरायचंय. म्हटलं, सेनमध्ये बोटी असतात, एखादी संध्याकाळ ठेवू की.

"तसं नाही गं. शहर नदीवर वसलंय. नदी कुठून कुठे जाते ते आधी काढ, म्हणजे कोण कोणाच्या शेजारी आहे ते कळेल. तू हे प्रसिद्धीच्या क्रमाने लिहिलंयस."

खरंच होतं ते. 'पाहायलाच हवीत' अशा मथळ्याच्या चार-पाच याद्या वाचून मी माझी यादी केली होती, आणि तिथला क्रमही तसाच उतरला होता. त्या क्रमाने गेलो असतो तर पहिल्याच दिवशी आयफेल टॉवरहून नोत्र दाम या चर्चला, तिथून आर्क द त्रिओंफ या विजयकमानीला आणि पुन्हा नदीकाठाने मागे, असं तेच अंतर तीनदा कापलं असतं. शिवाय लूव्र हे संग्रहालय मी मंगळवारी सकाळी ठेवलं होतं. लूव्र मंगळवारी बंद असतं.

तो कागद बाजूला सारून आईने पाठकोऱ्या कागदावर नदी काढली. सेन आग्नेयेकडून शहरात शिरते, वर उत्तरेकडे एक कमान घेते आणि नैर्ऋत्येकडून बाहेर पडते. उगमाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं; डाव्या हाताला येतो तो डावा काठ, उजव्या हाताला उजवा. पॅरिसची माणसं आजही याच नावांनी शहराबद्दल बोलतात. मधे दोन बेटं. आम्ही तेवीसच्या तेवीस ठिकाणं त्या रेघेभोवती मांडली आणि कोडं बघता बघता सुटत गेलं. नोत्र दाम आणि सँत शापेल हे प्रार्थनामंदिर एकाच बेटावर, चालत पाच-सात मिनिटांच्या अंतराने. लूव्र, तुइलरी बाग आणि ऑरांजरी हे चित्रसंग्रहालय उजव्या काठावर एका ओळीत. ऑरांजरीसमोर नदी ओलांडली की ओर्से संग्रहालय. आयफेल टॉवर आणि आर्क द त्रिओंफ दोन्ही पश्चिमेला. तेवीस ठिकाणांचे चार-पाच घोळके झाले. एका दिवशी एकच घोळका घ्यायचा आणि नदी शक्यतो एकदाच ओलांडायची, हे मग आपोआपच ठरलं.

त्यानंतर बंद वारांचा तक्ता. कुठल्याही मोठ्या शहराला पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकिटांच्याही आधी हा तक्ता करावा, असं माझं ठाम मत झालं आहे. पॅरिसमध्ये लूव्र आणि ऑरांजरी मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. एवढी चार नावं लिहिली तरी अर्धा कार्यक्रम ठरून जातो. सोमवारी आम्ही दुपारी पोचणार होतो, म्हणजे तो दिवस तसाही कुठल्या संग्रहालयाचा नव्हता. मंगळवार बेटांना द्यायचा. १९११मध्ये मोनालिसा चोरीला गेली तीही बंद दिवशीच. तेव्हा लूव्रची सुट्टी सोमवारी असे, चोरी सोमवारी झाली आणि कोणाच्या लक्षात आली ती दुसऱ्या दिवशी. हे वाचून आई म्हणाली, "बघ, चोरानेसुद्धा वार बघितला होता."

बंद वारांइतकेच उशिरापर्यंत उघडे राहणारे वार कामाचे. ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत, लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी नऊपर्यंत. आम्ही सप्टेंबरमध्ये जाणार होतो. त्या काळात पॅरिसचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. तिथे संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपलं शरीर साडेअकराची झोप मागत असतं, आणि पहाटे चारला टक्क जाग येते. म्हणून पहिले दोन दिवस सकाळचे ठेवले, दारं उघडताच पोचायचं असे. रात्रीची संग्रहालयं गुरुवार-शुक्रवारवर ढकलली, तोवर शरीर तिथल्या घड्याळाला सरावलेलं असतं. पहिल्या आराखड्यात सोमवारी रात्री मी आयफेल टॉवरचं टोक ठेवलं होतं. आई तिथे उभ्या उभ्या झोपली असती.

आणि मग पायऱ्या. अंतर मोजणं सोपं, नकाशा मोजून देतो; पायऱ्या मात्र एकेक शोधाव्या लागल्या. आर्क द त्रिओंफच्या गच्चीला २८४ पायऱ्या. सँत शापेलच्या वरच्या मजल्याला अरुंद गोल जिना. आयफेल टॉवरला लिफ्ट, पण तिची तिकिटं दोनेक महिने आधीच बघावी लागतात. मेट्रो १९०० साली सुरू झालेली, त्यामुळे जुन्या स्थानकांवर बहुतेक ठिकाणी जिनेच. चौदा नंबरची मार्गिका नवी, तिथे लिफ्ट आहेत. शातलेसारख्या मोठ्या जंक्शनवर गाडी बदलायची तर जमिनीखालून इतकं चालावं लागतं की त्यापेक्षा वरून बस बरी. बस खाली झुकते, फलाटासारखी पातळी येते आणि आई कोणाचा हात न धरता चढते. बसला वेळ जास्त लागतो हे खरं, पण तेवढा वेळ शहर दिसत राहतं. तो वाया गेला असं मी धरलं नाही.

आईने स्वतःच नियम केला: "दिवसाला एकच जिना. कुठला ते आधी ठरवायचं, आणि तो बघण्यासारख्या जागी नेणारा असला पाहिजे."

या एका नियमाने यादीची जी काटछाट झाली ती मला महिनाभर बसून जमली नसती. व्हर्साय गेलं, त्यात पूर्ण दिवस जातो. माँमार्त्रची टेकडी गेली. तिथे वर जायला रज्जुगाडी आहे, पण वर पोचल्यावरही चढ-उतार संपत नाहीत. ती टेकडी गाळताना मला वाईट वाटलं. पाँतेओं गेलं, कॉन्सिएर्जरी गेली. तेवीसची अकरा झाली. संग्रहालयांचा एकत्रित पासही मी रद्द केला. दोन, चार किंवा सहा दिवसांचा तो पास मिळतो आणि खूप ठिकाणं पाहणाऱ्याला परवडतोही. पण एकदा घेतला की तो वसूल करायची घाई मागे लागते. आणि लूव्र, ऑरांजरी, सँत शापेल इथे पास असला तरी वेळ राखून ठेवावीच लागते. आम्ही सुटी तिकिटं काढली. नोत्र दामला तिकीट नाही. वेळेची नोंदणी करता येते, तीही फुकट.

मुक्कामासाठी स्वस्त पण दूरच्या जागा सोडल्या आणि डाव्या काठावर, र्यू द्यु बाक नावाच्या रस्त्याच्या वरच्या टोकाजवळ लहानशी खोली घेतली. कारण दुपारी परत यायचं होतं. जेवून दीड-दोन तास पाय वर करून पडायचं, हे आम्ही कार्यक्रमातच लिहिलं. खोली लांब असती तर ते जमलंच नसतं, आणि मग गुरुवार-शुक्रवारच्या रात्रीही जमल्या नसत्या.

सोमवारी पोचलो, आंघोळी केल्या आणि ६९ नंबरच्या बसमध्ये बसलो. ही बस आयफेल टॉवरजवळच्या शाँ द मार्सपासून निघते आणि इनव्हॅलिड, लूव्र, नगरपालिकेची इमारत, बास्तीय अशी गावभर फिरून पेर लाशेज दफनभूमीच्या पलीकडे गाँबेताला थांबते. उतरायचं कुठेच नाही, फक्त खिडकीला बसायचं. आईच्या मांडीवर तिचा पाठकोरा नकाशा होता. पुढल्या चार दिवसांत जे जवळून पाहायचं त्यातलं बरंचसं त्या तासाभरात एकदा समोरून गेलं.

परतताना नदी ओलांडल्यावर उतरलो तर पाऊस सुरू झाला होता आणि माझा फोन बंद पडला होता. सकाळपासून विमानतळ, तिकिटं, पत्ते, सगळं त्याच्यावरच चाललं होतं. बुलव्हार सँ जर्मेंच्या चौकात रस्ते तिरके येऊन मिळतात. मी एक कोपरा ओळखीचा वाटला म्हणून वळले आणि आई मागून चालू लागली. शंभरेक पावलांवर ती थांबली. पॅरिसमध्ये घरांचे नंबर निळ्या मिनावर पांढऱ्या आकड्यांत असतात, तळहातापेक्षा थोडी मोठी पाटी, दाराच्या वर ठोकलेली. छत्री मागे कलती करून ती एका दारावरची पाटी वाचत होती. मग पुढच्या दारावरची. मग त्याच्या पुढच्या.

"आकडे उतरताहेत," ती म्हणाली. "आपण नदीकडे चाललोय. वळ."

तो नियम मीच तिला निघण्याआधी वाचून दाखवला होता आणि विसरूनही गेले होते. १८०५ साली पॅरिसच्या घरांना नंबर दिले ते नदी धरून. नदीकडून निघणाऱ्या रस्त्यांचे नंबर नदीपाशी सुरू होतात आणि दूर जावं तसे वाढतात. नदीला समांतर रस्त्यांचे नंबर प्रवाहाच्या दिशेने वाढतात. वाढत्या आकड्यांकडे तोंड केलं की विषम घरं डावीकडे, सम उजवीकडे. आमचा मुक्काम शंभराच्या पुढच्या आकड्यात होता. वळलो, आणि आकडे चढू लागले. त्या दिवसापासून आई कुठल्याही कोपऱ्यावर आधी पाटीकडे बघायची. रस्त्याच्या नावाच्या पाटीवर वर लहान अक्षरांत विभागाचा क्रमांकही असतो. पॅरिसचे हे वीस विभाग १८६०मध्ये आखले गेले. पहिला मधोमध, लूव्रपाशी. तिथून गोगलगाईच्या शंखासारखे ते बाहेर फिरत जातात. सातव्यात आपलं घर, हे तिने दोन दिवसांत पाठ केलं. 'घर' हा तिचाच शब्द.

मंगळवारचा जिना सँत शापेलचा होता. न्यायालयाच्या आवारात ही जागा आहे, त्यामुळे आधी सुरक्षातपासणी. आत गेल्यावर पहिल्यांदा तळमजला लागतो: ठेंगणा, निळ्या छतावर सोनेरी फुलं, देखणा पण साधारण. कोणाला वाटेल एवढंच आहे, आणि तो परत फिरेल. कोपऱ्यात तो गोल जिना. दगडी पायऱ्या, मधल्या बाजूला निमुळत्या होत गेलेल्या. आई एक हात भिंतीला लावून चढत होती, तोंडाने आकडे मोजत. मागून येणारा एक तरुण काही न बोलता तिच्या चालीने थांबत थांबत आला. वर डोकं बाहेर निघालं आणि आई मोजायची थांबली. समोर भिंत नव्हतीच. पंधरा मीटर उंचीच्या पंधरा खिडक्या, आणि त्यांच्या मधे दगडाच्या बारीक काड्या. नववा लुई या राजाने येशूच्या काटेरी मुकुटासाठी हे मंदिर बांधवलं, १२४८मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. १,११३ प्रसंग त्या काचांवर आहेत. सकाळचं ऊन एका बाजूने आत येत होतं आणि फरशीवर लाल-निळे ठिपके पडले होते. आईच्या पांढऱ्या केसांवरही. ती कडेला बसली आणि बराच वेळ तिने काहीही विचारलं नाही. माझ्या जुन्या आराखड्यात या जागेला पंचवीस मिनिटं होती.

नोत्र दाम तिथून जवळच. २०१९च्या आगीनंतर २०२४च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं. आतला दगड इतका उजळ दिसतो की साडेआठशे वर्षांची इमारत वाटत नाही. मनोरे आम्ही घेतलेच नव्हते.

बुधवारी आयफेल टॉवर. लिफ्टने वर गेलो, खाली आलो. आवडलं, पण त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्या दिवसाचा जिना बिर अकेम या मेट्रो स्थानकाचा ठेवला होता. सहा नंबरची गाडी तिथे जमिनीच्या वरून धावते आणि पुलावरून नदी ओलांडते, तेव्हा खिडकीतून आख्खा टॉवर दिसतो. त्याच गाडीने थेट आर्क द त्रिओंफ. तिथे आई शाँझ एलिझेवरच्या बाकावर बसली आणि २८४ पायऱ्या मी एकटी चढले. बरोबर आलो म्हणून सगळं बरोबरच पाहायला हवं, असा हट्ट आधीच सोडला होता. वरून बारा रस्ते सगळीकडे फाकलेले दिसतात. खाली आल्यावर आईने वही काढली आणि म्हणाली, "सांग, कुठला किती रुंद, कुठे काय दिसतं." मी सांगत गेले, तिने चांदणी काढली. तो नकाशा मी पाहिलेल्या दृश्यापेक्षा मला आज जास्त स्पष्ट आठवतो.

गुरुवारी सकाळी ऑरांजरी. इथे एकही जिना नको होता, कारण इथे बसायचं होतं. नवा आराखडा करताना मी एक रकाना वाढवला होता: 'बसायची जागा'. दोन लंबगोल दालनं, छतातून येणारा उजेड, भिंतीभर वळत गेलेली चित्रकार मोनेची कमळांची तळी आणि मधोमध बाकं. पहिलं महायुद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोनेने ही चित्रं देशाला द्यायचं कळवलं. दालनं उघडली १९२७मध्ये, तेव्हा तो नव्हता. आई आधी एका बाकावर बसली, मग उठून पलीकडच्या बाजूला बसली. "सकाळ तिकडे आहे," ती म्हणाली, "इकडे संध्याकाळ." बाहेर तुइलरी बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात. कोणीही ओढावी, हवी तिथे न्यावी, पैसे नाहीत. मागे रेललेली एक शोधून ती त्यात पाय पसरून बसली. मी पुढच्या ठिकाणाची वेळ बघायला फोन काढला. दुपारपर्यंत पुढचं ठिकाणच नव्हतं.

दुपारी झोप काढून संध्याकाळी ओर्सेला. १९०० साली उघडलेलं हे रेल्वे स्थानक. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले, आणि १९८६मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. पाचव्या मजल्यावर सरकता जिना नेतो. आईच्या मते सरकता जिना नियमात मोजायचा नाही. तिथे एक प्रचंड घड्याळ आहे, काचेचं, आतून उलटं दिसणारं. आकड्यांच्या मधून नदी, तुइलरीची झाडं, आणि दूर उत्तरेला टेकडीवर पांढरे घुमट. साक्र कर चर्च. माँमार्त्र.

"हेच ना ते, तू गाळलेलं?"

मी हो म्हटलं.

ती मिनिटकाट्याच्या शेजारून बघत राहिली. "उंची कळली. दिशाही कळली. झालं की." मग जरा वेळाने म्हणाली, "तू पुढच्या वेळी जा. तिथून हे घड्याळ दिसतं का ते बघ."

शुक्रवारी चार वाजता लूव्र. पस्तीस हजार वस्तू तिथे मांडलेल्या असतात. आम्ही तीन लिहिल्या होत्या. पहिली आईची: बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा शिलालेख. शाळेत भूगोलाबरोबर इतिहासाचे तासही तिच्याकडे असत, आणि पुस्तकातल्या एवढ्याशा चित्रावरून तिने तो वर्षानुवर्षं शिकवला होता. काळा दगड, सव्वादोन मीटर उंच, तिच्या डोक्याच्या कितीतरी वर. खाली बारीक अक्षरांच्या ओळी. काचेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन ती म्हणाली, "मी मुलांना सांगायचे, मोठा दगड. किती मोठा ते मला कुठे माहीत होतं!"

दुसरी मोनालिसा. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं चित्र आणि त्यापुढे हात उंचावलेली माणसं. आईला पुढे काही दिसेना, म्हणून ती वळली. मागच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं 'काना गावातलं लग्न' हे चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र. १७९७मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहातून आणलं. सगळं दालन त्याच्याकडे पाठ करून उभं होतं. आम्ही दोघी उलट तोंड करून ते पाहत राहिलो: शंभरावर माणसं, वादक, कुत्री. आमच्या भोवती तेवढी एकच मोकळी जागा होती.

तिसरं ठिकाण शुक्रवारचा जिना. दार्यू नावाचा रुंद दगडी जिना आणि त्याच्या माथ्यावर सामोथ्रेसची विजयदेवता. जहाजाच्या नाळेवर उतरलेली, डोकं नाही, हात नाहीत, पंख मागे फेकलेले. १८६३मध्ये ती ग्रीक बेटावर तुकड्या-तुकड्यांत सापडली. लिफ्टने वळसा घालूनही तिथे जाता येतं, मी तसं सुचवलं. आई म्हणाली, "तो जिना खालून चढण्यासाठी बांधलाय."

आठ वाजले होते, गर्दी ओसरली होती. ती कठड्याला धरून निघाली. दोन पावलं एका पायरीवर, मग पुढची. मधल्या टप्प्यावर थांबली. तिथून देवतेचं वस्त्र दिसत होतं, समोरच्या वाऱ्याने पोटाशी चिकटलेलं, ओलं असावं तसं, आणि मागे फडफडणाऱ्या चुण्या. मला वाटलं, दम लागला असेल. पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही. पुढच्या पायऱ्या ती मान वर करून चढली, पायाकडे न बघता.

रात्री खोलीवर तिने वही उघडली. मंगळवार, बुधवार, प्रत्येक वारासमोर जिन्याचं नाव आणि पायऱ्यांचा आकडा होता. शुक्रवारसमोर तिने 'दार्यू' लिहिलं, पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू मोजल्यास का गं?"

मीही मोजल्या नव्हत्या.